मुकी झालेली कडी

हवालदार नानासो चौऱ्याहत्तर साली पेन्शनीवर आले ते रंगाचं वेड घेऊनच. साहेबांची तपासणी असली की पलटणीत झाडाच्या बुंध्यापासून पाण्याच्या बादलीपर्यंत सगळ्याला रंग फासायचा. ही खोड कोरेगावच्या स्टेशनावर उतरून थोडीच जाते! घरात शेत धाकट्या भावाच्या, ज्योतिबाच्या हातात, आणि बाकी सगळा कारभार बायकोच्या, विजयमालाच्या. हवालदारांना कुणी काम सांगेना. मग त्यांनी गोठ्याचे खांब रंगवले, धान्याची कणगी ठेवायची फळी रंगवली, आणि एक दिवस मोर्चा वळवला थोरल्या दाराकडे.

दार आजोबांच्या वेळचं. बिजागऱ्या, कोयंडा, मोराच्या तोंडाची जड कडी, सगळं पितळी. हवालदारांनी लाकूड आणि पितळ असा भेदभाव केला नाही. सगळ्यावर हिरव्या ऑइल पेंटचे हात चढवले. दिवाळीला पुन्हा चढवले. मोराची पार कोंबडी झाली.

त्या दिवसापासून विजयमाला जेवढ्यास तेवढं बोलू लागली. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडात मिठाची गुळणी. एवढी वर्षं एकटीनं घर ओढलेल्या बाईला आपली अडचणच होत असणार, असं हवालदारांनी मनाशी ठरवून टाकलं. लढाईत न डगमगलेला गडी या विचारानं मात्र पुरता खचला. लोणंदच्या कारखान्यावर रखवालदाराची जागा होती. ती धरावी आणि तिकडंच राहावं, असं त्यांनी ठरवलं.

ट्रंक भरताना मात्र त्यांना राहवलं नाही. माझं चुकलं तरी काय, असं त्यांनी विचारलं. विजयमाला ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी कवा येनार ह्ये मला कवाच कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "ही कडी सांगायची. दोनदा जोरात, एकदा हळू. उभी हयात हिच्या आवाजाकडं कान लावून काढली मी. आनि तुमी आल्याआल्या तिचाच गळा दाबलासा."

हवालदारांनी जाऊन कडी आपटली. थप्. ओल्या गोणपाटावर काठी मारावी तशी. त्यांनी ट्रंक तशीच टाकली आणि पिशवीतून काचकागद काढला.

घासायला सुरुवात केली आणि ओरखडे उठायला लागले, तेवढ्यात कल्हईवाला पीरमहंमद रस्त्यानं चालला होता तो थांबला.

"हवालदार, पितळ हाय ते, बंदूक न्हवं," तो म्हणाला आणि त्यांच्या हातातला कागद काढून घेतला.

मग त्यानंच रीत सांगितली. हवालदारांनी कडी, कोयंडा, बिजागऱ्या उतरवल्या आणि परसात चूल मांडून धुण्याच्या सोड्यात उकळत ठेवल्या. रंग दुधावरच्या सायीसारखा सुटू लागला. तो त्यांनी बांबूच्या कांबीनं अलगद खरवडला, मग चिंच आणि राख लावून नारळाच्या शेंडीनं घासत बसले. बिजागऱ्यांवर तर हिरव्याखाली जुना तांबडा निघाला, त्याखाली निळा. प्रत्येक लग्नाला कुणीतरी हात मारलेलाच होता, म्हणजे खोड घराण्यातलीच! मोराचा तुरा दिसला तेव्हा त्यांना एकट्यालाच हसू फुटलं.

सगळं परत ठोकून झालं. तेलाचे थेंब सोडले. हवालदारांनी बाहेर उभं राहून दार ओढून घेतलं, शर्टाची बटणं नीट केली आणि कडी वाजवली. दोनदा जोरात, एकदा हळू. आवाज पार चुलीपर्यंत गेला.

विजयमाला पदर सावरत धावतच आली. दार उघडलं आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आलासा? किती दिसांची सुट्टी?"

बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. नजर तरी त्यांच्या हाताकडं गेलीच, ट्रंक शोधायला. हात रिकामे होते आणि चिंचेनं काळे झालेले.

"सुट्टी न्हाई," हवालदार म्हणाले. "ऱ्हायलाच आलोय."

ते आत यायला लागले तशी तिनं हात आडवा केला. दर सुट्टीला ती उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून मगच त्यांना आत घ्यायची. पेन्शनीवर आले त्या दिवशी मळणीच्या गडबडीत दार सताड उघडं होतं. ना कडी वाजली, ना तुकडा ओवाळला गेला.

"थांबा तितंच," विजयमाला म्हणाली आणि भाकरी आणायला आत गेली.