तापलेला कॉम्प्युटर आणि सांडोरचे सर

"आधी बघू, मग घाबरू."

सर हे वाक्य इतक्या शांतपणे म्हणत, की ऐकणाऱ्याला आपल्या घाबरण्याची थोडी लाजच वाटे. म्हणून झालं की खिशातून घडी घातलेला रुमाल काढायचे, चष्मा पुसायचे आणि समोरची वस्तू जणू आजच जगात आली आहे अशा कौतुकाने तिच्याकडे बघायचे. मग ती वस्तू म्हणजे बंद पडलेला पंखा असो, नाहीतर नासलेलं दूध. वर्गासमोर आयुष्य काढलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. निवृत्त झाली तरी त्यांचा तास संपत नाही.

माझी त्यांची ओळख कामातून झाली. दोन हजार दोन-तीनचा सुमार असेल. आम्ही नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात, चौथ्या मजल्यावर राहत होतो. वर फक्त गच्ची. मिस्टरांना एका औषध कंपनीत कायमची रात्रपाळी होती. मी घरात मराठी टायपिंगची कामं घेत असे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा. कॉम्प्युटर माझ्या धाकट्या भावाने सुटे भाग आणून जोडून दिला होता. जोडून दिला आणि महिन्याभरात नोकरीसाठी मस्कतला निघून गेला.

सरांना वसईच्या एका छापखानेवाल्याने माझ्याकडे पाठवलं. ते वसईजवळच्या सांडोर गावचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आईकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी त्यांच्या घरच्या बोलीत लिहायला घेतल्या होत्या, आणि त्यांचं पुस्तक करायचं होतं. ती बोली मला अजिबात येत नव्हती. मी साताऱ्याकडची. म्हणून सर शेजारी बसून वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायचे. येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाडीतली केळी आणायचे. पहिल्या दिवशी मी संकोचले, तर म्हणाले, "झाडाला लागलीत, मी काय केलं त्यात?"

फेब्रुवारीपर्यंत काम छान चाललं. मार्च लागला, स्लॅब तापायला लागला, आणि कॉम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडू लागला. टाइप करता करता पडदा एकदम काळा. जेवढं साठवलं नसेल तेवढं गेलं. अर्धा तास थांबलं की सुरू व्हायचा आणि पुन्हा तेच. एका शाळेच्या प्रश्नपत्रिका वेळेत दिल्या नाहीत म्हणून ते काम दुसरीकडे गेलं. दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं तर तो म्हणाला, सगळंच बदलावं लागेल. मिस्टर म्हणाले, विकून टाक, डोक्याला ताप नको. ते रागाने म्हणाले नव्हते. रात्रभर जागून आलेल्या माणसाला दुपारी माझी चिडचिड ऐकायला लागायची, म्हणून म्हणाले. पण मला ते फार लागलं. ते टायपिंग म्हणजे माझं स्वतःचं असं एकच काहीतरी होतं.

त्या दिवशी सरांच्या आईची एक गोष्ट आम्ही टाइप करत होतो. शेवटच्या पानावर आलो आणि पडदा काळा झाला. मी हात मांडीवर ठेवून बसले. सरांना सांगितलं की हे पुस्तक तुम्ही दुसऱ्या कोणाकडे द्या, माझ्याच्याने होणार नाही.

तेव्हा त्यांनी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं. चष्मा पुसला आणि विचारलं, "हे उघडतं का?"

सरांनी तोवर कॉम्प्युटरला कधी बोटही लावलं नव्हतं. मी कॅबिनेटची बाजू काढली. आत धुळीची गोधडी. प्रोसेसरवर बसवलेला छोटा पंखा घरघरत होता आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सरांनी डाव्या हाताच्या बोटाने चाचपल्या. बोट झटकन मागे घेऊन म्हणाले, "ही तर इस्त्री आहे."

पुढचे काही दिवस पुस्तक बाजूला राहिलं आणि आम्ही दोघं त्या खोक्याच्या मागे लागलो. भाऊ जाताना सांगून गेला होता की मशीन सुरू होताना एक बटण दाबलं की निळा पडदा येतो आणि त्यात प्रोसेसर किती तापलाय ते दिसतं. सरांना तो आकडा दाखवला आणि ते हरखलेच. आजाऱ्याचा ताप बघावा तसा येता-जाता तो आकडा बघायचे.

उपाय मात्र त्यांचेही लगेच जमले नाहीत. धूळ झाडून झाल्यावर आधी त्यांनी टेबलफॅन लावायला सांगितला. आकडा थोडा उतरला, पण पानं घरभर उडाली. मग खिडकीत ओलं गोणपाट बांधू म्हणाले. विजेच्या वस्तूजवळ पाणी, म्हणून मीच नको म्हटलं. मग कॅबिनेटच्या मागे आणखी एक पंखा लावला, तर ताप उलट वाढला. सर बराच वेळ मागेपुढे बघत राहिले आणि त्यांनी अगरबत्ती मागितली. ती पंख्याजवळ धरली. धूर आत गेला. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पहिल्यापासून असलेल्या पंख्याजवळ धरली. तिथेही आत.

"दोघंही आत फुंकतायत," सर म्हणाले. "बाहेर कोण काढणार? माझं चुकलं. उलटा बसवू."

'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून 'चहा झाला' इतक्या सहज यायचे. माझ्या माहेरी किंवा सासरी कुठल्याच मोठ्या माणसाकडून मी ते ऐकले नव्हते. मी त्या पंख्यापेक्षा त्या शब्दांकडेच बघत राहिले असेन.

पंखा उलटा केला, आकडा उतरला, पण दुपारी मशीन तरीही बंद पडायचं. शेवटी ठरलं की प्रोसेसरवरचा कूलरच, म्हणजे तो छोटा पंखा आणि त्याखालच्या पट्ट्या, लहान पडतोय, तो बदलायचा. सरांनी मला पट्टी घ्यायला लावली. प्रोसेसरच्या चारी बाजूंना किती जागा आहे, शेजारचे उभे भाग किती उंच आहेत, कॅबिनेटचं दार बंद होताना वर किती मोकळं राहतं, ते सगळं मोजून कागदावर चित्र काढलं. तो कागद घेऊन आम्ही वसई स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो.

दुकानदार तरुण आणि घाईत होता. काउंटरवर त्याने तीन कूलर ठेवले. पहिला अख्खा तांब्याचा. हातात घेतला तर खलबत्त्यासारखा जड. सरांनी तो तोलून बघितला आणि विचारलं, कॅबिनेटमधल्या उभ्या मदरबोर्डावर हा आडवा लटकणार, मग एवढं वजन तो बोर्ड रोज कसा सोसेल? दुकानदार म्हणाला, आजवर कोणाची तक्रार नाही. दुसरा त्याच्या फार आवडीचा होता. "अंकल, ये ले जाओ, लाइट भी मारता है," म्हणत त्याने तो लावून दाखवला. निळा उजेड पडला आणि मिक्सर लावल्यासारखा आवाज सुटला. थंड करण्यात मात्र तो सगळ्यांत चांगला, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. बूड तांब्याचं, वर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि जरा मोठा, सावकाश फिरणारा पंखा.

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते सांगतील कुठला घ्यायचा. दुकानदारही त्यांच्याकडेच बघत होता. सर माझ्याकडे वळले.

"बाय, याच्या शेजारी दिवसभर बसणार तू. तुला काय चालेल ते सांग."

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. कॉम्प्युटरबद्दल तर नाहीच, पण दुसऱ्याही फारशा कशाबद्दल नाही. मी जरा गडबडले. मग म्हणाले, आमचे हे दुपारी त्याच खोलीत झोपतात, तो दुसरा लावला तर त्यांना झोप लागायची नाही. जड नको, कारण बोर्ड गेला तर दुसरा आणायची ऐपत नाही. तिसरा द्या, पण आमच्या जागेत बसतो का ते आधी बघू. कागद पुढे केला. दुकानदाराने नाइलाजाने पट्टी काढली. एका कडेला जेमतेम बोटभर जागा उरत होती, पण बसत होता. नाही बसला तर परत घ्याल का, हेही मीच विचारलं. तो हो म्हणाला. सर तोवर दुकानातल्या तारांच्या भेंडोळ्या बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसवायला घेतला. जुना कूलर काढला, तर खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून भिंतीच्या पुट्टीसारखी झाली होती. कापसाला स्पिरिट लावून मी ती पुसली. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी ठेवली. आता कूलर वर ठेवून त्याची लोखंडी पकड स्क्रू ड्रायव्हरने दाबून खाली अडकवायची. ती पकड फार कडक असते. ड्रायव्हर घसरला तर बोर्डावर ओरखडा जाणार, आणि मग सगळंच संपलं. मी ड्रायव्हर सरांपुढे धरला.

सरांचा उजवा हात एरवी पँटच्या खिशात असे; चष्माही ते डाव्याच हाताने पुसत. मला ती त्यांची ऐट वाटायची. त्यांनी तो बाहेर काढून माझ्यासमोर धरला. बोटं थरथरत होती, आणि सर ती थांबवू शकत नव्हते.

"हा आता ऐकत नाही माझं," ते म्हणाले. "अक्षर गेलं, म्हणून तर तुझ्याकडे आलो. पुस्तक लवकर व्हायला हवं. तू दाब."

मी ड्रायव्हर पकडीत घातला. इतक्यात मिस्टर उठून आले. झोप मोडली होती की आमचं बोलणं ऐकलं होतं, कोण जाणे. त्यांनी खाली बसून कॅबिनेट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी श्वास रोखून दाबलं. खट्ट आवाज झाला आणि पकड बसली.

त्या दुपारी मशीन बंद पडलं नाही. मे महिन्यातही नाही. सर पंख्याजवळ कान नेऊन ऐकायचे आणि पलीकडे घोरणाऱ्या मिस्टरांकडे बघून समाधानाने मान हलवायचे. आम्ही गोष्टी टाइप करत राहिलो.

पुस्तक पावसाळ्याआधी छापून झालं. त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर छोटा कार्यक्रम होता. आम्ही दोघं गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. सरांनी आईबद्दल थोडं सांगितलं, आणि मग म्हणाले की हे पुस्तक ज्या मशीनवर झालं ते एका बाईंनी स्वतः उघडून नीट केलं, त्या इथे आहेत. सगळ्यांनी माना वळवल्या. मिस्टर ताठ बसले, जणू त्यांचंच नाव घेतलं होतं.

आठवड्याभरात सांडोरहून एक बाई आपल्या मुलाचा कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आल्या. तोही तापत होता. मग आणखी कोणी आलं. मी उघडत गेले, शिकत गेले, आणि चुकलं की गिऱ्हाइकाला तसं सांगायलाही शिकले. पुढे आचोळ्यातच एक छोटा गाळा घेतला. टायपिंग आणि कॉम्प्युटर दुरुस्ती अशी पाटी लावली. घर त्या गाळ्यावर चाललं, आमची मुलगी त्यावर शिकली. पाटी लावली त्या दिवशी सर यायला हवे होते, पण तेव्हा त्यांना एकट्याने प्रवास झेपत नव्हता.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मातीला सांडोरच्या रस्त्यावर त्यांचे इतके विद्यार्थी होते, की मला त्यांचं शेवटचं दर्शन लांबूनच झालं. म्हणून मला आठवते ती त्याच्या आदल्या वर्षीची भेट.

नाताळनंतर मी त्यांना बघायला गेले होते. सर ओटीवर खुर्चीत बसले होते. चेहरा हलायचा थांबला होता आणि बोलणं जवळजवळ गेलं होतं. त्यांच्या बायकोने ते पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाचून दाखव. यांना आवडेल." मी वाचायला लागले. अक्षर न् अक्षर माझ्याच हातून टाइप झालेलं, पण ती बोली तोंडात काही बसेना. माझे सगळे हेल साताऱ्याचे. एका वाक्याला आतून त्यांची बायको हसत बाहेर आली आणि ते कसं म्हणायचं ते म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हटलं, आणखीच बिघडलं. तिने पदर तोंडाला लावला.

मी सरांकडे बघितलं. तोंडातून आवाज नव्हता, चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती, पण त्यांचे खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसत होते. मी पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.