खुंटीवरचं दावं

विसरायची म्हटली तरी ती घटना विसरता येत नाही. कुठल्या गोठ्यात खुंटीला रिकामं दावं टांगलेलं दिसलं की माझे पाय आजही थबकतात. माणसांची नावं सांगणार नाही, ती सगळी अजून त्याच तालुक्यात नांदताहेत. वळूचं नाव मात्र सांगतो, कारण त्या बिचाऱ्यानं लपवण्यासारखं काही केलं नव्हतं. त्याचं नाव हरण्या.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. बोरी बुद्रुककडचा एक शेतकरी धापा टाकत आत आला. "साहेब, माझा हरण्या चोरीला गेला!"

ठाणे अंमलदारानं विचारलं, "हरण्या कोण? पोरगं का?"

"पोरापेक्षा जास्त व्हता राव त्यो!" असं म्हणून त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत पांढराशुभ्र खिलार वळू, शिंगं तेलानं चमकणारी, पाठीवर झूल. शेजारी फेटा बांधून, हातात बक्षिसाची ढाल घेऊन हा उभा. भागातल्या प्रदर्शनांत त्याच्या वळूचा पहिला नंबर ठरलेला असायचा. आता मोठं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. त्याच कामासाठी हा बाहेरगावी गेला, सकाळी परतला, तर गोठा रिकामा.

फिर्याद घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि दोन पंच सोबत घेऊन घटनास्थळी गेलो. गोठा कसला, पाहुण्यांची खोलीच होती ती! वर पंखा, खाली रबरी मॅट, माश्या लागू नयेत म्हणून चारी बाजूंनी जाळी. दोन दुभत्या गाई मात्र पत्र्याच्या आडोशाला उन्हात बांधलेल्या. घरातून चहा आला, तो कोरा. दारात दोन गाई असताना कोरा चहा? मी सहज विचारलं, "वहिनी, गाई आटल्या की काय?"

फिर्यादीच्या बायकोनं आधी सासूकडे पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाली, "दूध हरण्याला लागतं, साहेब."

नुसतं दूधच नाही. अंडी, तूप, उडदाचं पीठ, पेंड. प्रदर्शनाला न्यायचं तर पिकअपचं भाडं, धुवायला-पुसायला माणसं, सोबत येणाऱ्या दोस्तमंडळींचं जेवण. लोक गाई भरवायला आणायचे, त्याचे चार पैसे यायचे, तेही पेंडीतच जायचे. घराच्या भिंतीवर ढालींची रांग होती. आणि त्या रांगेखाली बसून त्याची पोरं कोऱ्या चहात चपाती बुडवून खात होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, फक्त ते हौस करणारा देत नाही.

पंचनामा लिहिताना मला दोन गोष्टी खटकल्या. हरण्याचं दावं खुंटीवर नीट गुंडाळून ठेवलेलं होतं आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर हळद-कुंकू सांडलेलं होतं. मी स्वतः शेतकऱ्याच्या पोटचा. आमच्याकडे जनावर दुसऱ्याला दिलं की हळद-कुंकू लावून त्याला निरोप देतात आणि त्याचं दावं घरात ठेवून घेतात. जनावर गेलं तरी दावणीची बरकत जाऊ नये, एवढाच त्यात भाव. नेणारा आपलं दावं घेऊन येतो. एवढी रीतभात पाळणारा चोर मी तरी कधी पाहिला नव्हता. दोन्ही गोष्टी पंचनाम्यात लिहून घेतल्या.

फिर्यादीचा संशय होता त्याच्या जुन्या गड्यावर. हा गडी निमगाव सावाचा. खर्च झेपेना तेव्हा फिर्यादीनं त्यालाच कामावरून काढलं होतं. त्याला ठाण्यात बोलावलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पाहिली आहे: खोटं बोलणारा आधी शपथा घेतो, खरं बोलणारा आधी चिडतो. हा आल्या आल्या चिडला.

"आवं साहेब, त्या जनावराला हात लावनं म्हंजी खेळ हाय का? मलाच आडवा केलाय त्यानं. त्याला फकस्त मालकाची म्हातारी कुठंबी नेऊ शकती. गाय मेली तवा वासरू व्हतं ते, बाटलीनं दूध पाजून जगवलंय तिनं." मग म्हणाला, "खाऊन खाऊन पार फुगला व्हता त्यो. खुराक कमी करा म्हणून डॉक्टर सांगून गेलं. पण प्रदर्शन आलं की आमचं मालक कुणाचं ऐकत्यात व्हय?"

दुपारी घोडेगावहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, लई देखणा वळू कालच्याला पिकअपमधनं वर आलाय. असलं जनावर हितं कधी बघितलं न्हाई. सगळा गाव बघाय जमलाय."

मी तडक फिर्यादीच्या घरी गेलो. म्हातारी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी टेकलो आणि म्हणालो, "मावशी, दावं बरं जपून ठेवलंत."

तिनं मान वर केली नाही. "ठिवणारच की. जनावर दिलं, दावं कसं दिऊ?"

"मुलाला न विचारता दिलंत?"

"इचारलं आसतं तर दिऊ दिलं आसतं व्हय त्यानं? सायेब, त्याला उठताना तरास व्हायचा. ल्हान पोरावानी माझ्याकडं बघायचा. डोंगरात माझा भाचा हाय, त्याला दिला. चरंल, हिंडंल, जगंल. एक पैसा घेतला न्हाई. आता घाला मला बेड्या. पर सुनंचं नाव कागदावं घिऊ नका."

मुलगा तेवढ्यात आला. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आईवर केस नको, साहेब. पण हरण्या मला परत पायजे."

वळूच्या कानातला बिल्ला त्याच्या नावावर, फिर्याद त्याची. भाच्यानंही वाद घातला नाही, उलट पोलीस आले म्हणून तोच हात जोडत राहिला. हरण्या परत आला. मायलेकांचं प्रकरण सामोपचारानं मिटवलं म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. म्हातारी मात्र "दिलेलं जनावर माघारी आणू ने, बाबा," एवढंच बोलली आणि भावाच्या घरी, त्याच डोंगरातल्या गावाला निघून गेली. जाताना दावं पिशवीत घातलं. मुलानं मागितलं, पण तिनं दिलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी बंदोबस्ताला होतो. माइकवरून हरण्याचं नाव पुकारलं जात होतं आणि कुणी पुढे येत नव्हतं. तेवढ्यात तो शेतकरी गर्दीतून माझ्याकडे आला. डोक्याला फेटा नव्हता.

"पोट फुगलं साहेब. डोंगरातनं आल्यावं अंगानं जरा उतरला व्हता, म्हणून मीच खुराक वाढवला. सकाळी गाडीत चढवायच्या आदीच बसला, त्यो उठलाच न्हाई." मग माझा हात धरून म्हणाला, "आईला तुमी सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

बंदोबस्त दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवून मी गेलो. मी एकटाच जीपमधून उतरताना पाहूनच तिनं ओळखलं. "गेला?" मी मान हलवली. मला वाटलं, आता शिव्याशाप ऐकायला लागतील. ती आत गेली आणि दावं घेऊन आली.

"बरकतीसाठी ठिवलं व्हतं. आता कशाला ठिऊ? पुरलं नसंल तर त्याच्या गळ्यात घाला." मी वळलो, तेव्हा मागून म्हणाली, "सायेब, पोरगं जेवलं का?"

मी बोरीला परतलो तेव्हा खड्डा अजून उघडा होता. मी दावं मुलाच्या हातात दिलं. ते त्यानंच हरण्याच्या गळ्यात घातलं आणि इतका रडला की धरायला दोन माणसं लागली.

कायद्यानं मी वावगं काही केलं नाही. जनावर कुणाचं, हे मी बिल्ल्यावरून ठरवलं आणि कुठलाही अधिकारी तसंच ठरवेल. पण त्या वळूचं दुखणं ओळखणारं माणूस त्याच घरात होतं, ओट्यावर शेंगा फोडत बसलं होतं. तिचा जबाब मी घेतला, तो गुन्हा उलगडण्यापुरता. मनाला लागून राहिलंय ते एवढंच.

निवृत्त झाल्यावर एकदा त्या बाजूला गेलो होतो. म्हातारी परत आली होती. दोन्ही गाई पंख्याखाली बांधल्या होत्या, भिंतीवर ढाली नव्हत्या, खुंटी रिकामी होती. म्हातारीनं स्वतः चहा आणला. दुधाचा, घट्ट. मी आणि तिचा मुलगा समोरासमोर कप धरून बसलो होतो, पण पहिला घोट कुणालाच घेववेना.