फोनवालीचा फ्रिज

तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज जो आवाज करतो तो नॉर्मल आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं? कंपनीच्या फोनवर एका बाईनं सांगितलं असेल, गोड आवाजात, दर वाक्याला 'सर' लावून, तर ती बाई बहुतेक हीच. गल्लीत तिला फोनवाली म्हणतात.

फोनवालीनं चौदा वर्षं कापडाच्या दुकानात उभ्यानं काढली. गिऱ्हाइकासमोर तागा उलगडायचा, त्यानं नाक मुरडलं की परत गुंडाळायचा. मालक गल्ल्यावर बसायचा. दुसरं कुणी बसलेलं त्याला खपायचं नाही. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, बसून करायचं काम बघा. जशी काही अशी कामं झाडाला लागतात! पण हिनं बघितलं. फ्रिज-मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीला घरबसल्या तक्रारी घेणारी माणसं हवी होती. हेडफोन त्यांचा, खुर्ची हिची. ती खुर्ची तिनं तीन दुकानांत बसबसून बघून आणली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बसून पगार मिळत होता, आणि आता ती जागा ती कुणाच्या बापाला सोडणार नव्हती.

घर दोन खोल्यांचं. नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. बाहेरच्या खोलीत सासूबाई आणि त्यांचा टीव्ही. म्हणून खुर्ची स्वयंपाकघरात आली, ओटा आणि फ्रिजच्या मधल्या फटीत. फ्रिजही त्याच कंपनीचा, सहा वर्षांचा.

तो सुरू होताना आधी घसा खाकरायचा. मग घर्रर्र. आणि त्या घरघरीच्या खाली टक, टक, टक, कुणी नखानं डबा वाजवावा तसं. वीस मिनिटं हे चालायचं, मग अंगात आल्यासारखा हादरून थांबायचा. तिला त्या आवाजाची शिसारी यायला लागली. शेजारच्या पानावर कुणी मचमच करत जेवावं आणि आपल्याला उठताही येऊ नये, तशी.

शिसारी गिळता आली असती. पण कंपनी सगळे फोन ध्वनिमुद्रित करते आणि वर बसलेल्या एक मॅडम त्यातले काही ऐकतात. त्यांचा निरोप आला: 'तुमच्या मागे गिरणी चालते का? लाल शेरा.' पंधरा दिवसांत दुसरा आला. तिसरा लाल शेरा पडला की काम बंद.

फोनवालीनं रीतसर तक्रार नोंदवली. स्वतःच्याच कंपनीकडे, नवऱ्याच्या नावानं, मोबाइल नंबर सासूबाईंचा. मेकॅनिक आला तेव्हा ही नेमकी फोनवर. त्यानं फ्रिजला कान लावला, दोन चापट्या मारल्या, म्हशीला मारतात तशा, आणि सासूबाईंना म्हणाला, "मावशी, हा नॉर्मल आवाज आहे."

त्याच क्षणी फोनवाली पलीकडच्या गिऱ्हाइकाला सांगत होती, "सर, हा नॉर्मल आवाज आहे."

मेकॅनिकनं तिच्याकडे बघून हात जोडले. धंद्यातलंच माणूस!

आता या कंपनीची एक रीत आहे. मेकॅनिक काम करून निघाला की तुमच्या मोबाइलवर चार आकडे येतात. ते त्याला सांगितले की तक्रार मिटली, कागदोपत्री तुम्ही समाधानी. फोनवालीनं हेडफोन न काढता दोन्ही हात नाही-नाही म्हणून हलवले. सासूबाईंना वाटलं, ती माशी हाकलतेय. त्यांनी चष्मा लावून चारही आकडे ठणठणीत आवाजात वाचून दाखवले.

"आई, आकडा का दिलात?"

"अगं, मागितला त्यानं. दारात उभा होता बिचारा."

"चौदा वर्षं मी उभी होते. मला कुणी काही दिलं?"

"तू मागितलंस कधी?"

फोनवालीनं फ्रिजची पिन उपटली.

मग रोजचंच झालं. ड्युटी सुरू, पिन बाहेर. ड्युटी संपली, पिन आत. दोनदा आत घालायची राहिली. दूध फाटलं, कापलेल्या फळांना केसाळ बुरशी आली, वरच्या खणातल्या मटणाचा बर्फ सुटून त्याचं लाल पाणी खालच्या भाजीवर ओघळलं. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "फ्रिज आहे की मढं ठेवलंय?" त्या दिवशी फोनवालीला जेवण गेलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पिन काढायला ती विसरली आणि नेमका एका म्हाताऱ्या काकांचा फोन आला. ते छापखान्यातून निवृत्त झालेले. अडतीस वर्षं यंत्राशेजारी काढलेली. फ्रिजच्या आवाजाची त्यांची ही तिसरी तक्रार. आधीच्या दोन 'समाधानी' म्हणून मिटलेल्या.

"काका, थोडा आवाज नॉर्मल असतो," तिनं समोरच्या कागदावरचं वाक्य वाचलं. दिवसाला वीसदा वाचायची. बोलायला डोकं लागत नसे.

एवढ्यात मागच्या फ्रिजनं घसा खाकरला.

"थांबा," काका म्हणाले. "तुमच्याकडे पण वाजतोय."

"नाही काका, ते..."

"मला शिकवू नका. घरघर सोडा, खालचं टकटक ऐका. मागं, अगदी खाली, मोटरच्या डोक्यावर एक ताट असतं. आतलं पाणी त्यात उतरतं. त्याचा स्क्रू सुटलाय, ते मोटरवर आपटतंय. माझंही तसंच होतं, मी काढलं, धुतलं, आवळलं. माझा आता पंखा उरलाय, आत बर्फाला घासतो. तो बदलायला पाहिजे आणि तुमचा माणूस बदलत नाही. तुम्ही कधी काढलंत का ते ताट?"

"नाही."

"काढा. आधी नाकाला फडकं बांधा."

तिनं त्यांची तक्रार पुन्हा नोंदवली, आणि ड्युटी संपल्यावर फ्रिज पुढे ओढला.

फडकं बांधूनही उपयोग झाला नाही. ताट म्हणजे काळ्या प्लास्टिकचं एक भांडं, त्यात बोटभर काळा राडा, वर पिवळट साय. सायीवर झुरळं उताणी पडलेली. सगळी मेलेली असती तरी चाललं असतं. एकाच्या मिशा हलत होत्या. केसांचे गुंतवळ, अंड्याचं टरफल, काय काय. आणि मोटरची ऊब खालून लागलेली, म्हणजे ही घाण सहा वर्षं मंद आचेवर शिजत होती. वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते भांडं लांब हातांनी मोरीपर्यंत नेलं आणि तिथंच ओकली.

"ईऽऽ! हे आपल्या घरात होतं?" सासूबाई दारातून किंचाळल्या.

"तुमच्या पाण्याच्या बाटल्यांच्या बुडाशी. सहा वर्षं."

"मग त्या मेल्यानं मागं का नाही बघितलं?"

"कशाला बघेल? तुम्ही आकडा दिलात ना!"

सासूबाई आत आल्या, पदर खोचला आणि उकळत्या पाण्याचं पातेलं स्वतः उचलून मोरीत ओतलं. दोघींनी ते भांडं काथ्यानं घासलं, स्क्रू आवळला. फ्रिज सुरू केला. टकटक गेली. घरघर उरली, पण नुसती गुणगुण म्हणावी इतकीच. दुसऱ्या दिवशी मॅडमचा निरोप आला: 'आता आवाज स्वच्छ. शाबास.' जागा वाचली.

फोनवालीनं हात चारदा धुतले होते, दगडानं घासले होते. तरी दिवसभर तो वास कुठून येतो ते कळेना. 'सर, हा नॉर्मल आवाज आहे' असं म्हणायला तोंड उघडलं की यायचा. दुपारपर्यंत सतरा वेळा म्हणून झालं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, आपण त्या सायीतून बोट फिरवून कुणाच्या तरी तोंडाला लावतोय.

दुपारनंतर तिचं काम वेगळं असायचं. मिटलेल्या तक्रारींच्या यादीतल्या माणसांना फोन करून विचारायचं, आपण आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? दोन दिवसांनी यादीत सातवं नाव छापखानेवाल्या काकांचं आलं. तक्रार मिटली, ग्राहक समाधानी.

"काका, पंखा बदलला?"

"कसला पंखा! मी औषध आणायला गेलो होतो. तुमचा माणूस आला, दोन चापट्या मारल्या, आकडा मागितला. ही म्हणाली नवरा घरी नाही, तर दारातनं हलेना. तिनं दिला. तिची काय चूक?" म्हातारा धापा टाकत होता. "मी तुम्हालाच विचारतो, बाई. तुमचं ऐकीन मी. हा आवाज नॉर्मल आहे का? असला तर परत फोन करणार नाही."

समोर कागद. कागदावर वाक्य. वर मॅडमचे कान. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नाही काका," ती म्हणाली. "नॉर्मल नाही. कधीच नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं आणि तुमच्यासारख्या हजारोंना सांगितलं. पंखा बदलून पाहिजे. तोपर्यंत आकडा द्यायचा नाही. मी तक्रार पुन्हा उघडतेय, आणि मी हे बोलले ते ध्वनिमुद्रित झालंय, तेव्हा कुणी नाही म्हणालं तर हे ऐकवा म्हणावं."

काका म्हणाले, "ताट धुतलंत का?"

"धुतलं."

"घाण होती ना?"

"फार."

संध्याकाळच्या आत मॅडमचा फोन. "अहो, तुम्ही काय बोललात ते कळतंय का तुम्हाला?"

"चांगलं कळतंय. तुम्ही परत एकदा ऐका, तुम्हालाही कळेल."

तिसरा लाल शेरा पडला. दोन दिवसांनी एक माणूस येऊन हेडफोन घेऊन गेला. त्याच आठवड्यात काकांचा पंखा मात्र बदलला गेला. ते ध्वनिमुद्रण आपण होऊन पुसण्याची कुणाची छाती झाली नाही. फोनवाली आता पुन्हा काम शोधतेय, बसून करायचंच. दुकानात उभी राहायला ती जाणार नाही, आणि ते वाक्य वाचायलाही नाही. सासूबाईंना विचाराल तर सांगतील, सून माझी डोक्यानं सरकलेली. पण हे सांगताना त्यांची मान ताठ असते.

तेव्हा तुम्ही एवढं करा. मेकॅनिक दारात आला तर त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, उन्हातून आला असेल तर चहाही द्या. पण फ्रिज पुढे ओढायला लावा, मागचं ताट त्याच्या हातानं बाहेर काढायला लावा, आणि आवाज तुमच्या कानादेखत थांबल्याशिवाय ते चार आकडे त्याला देऊ नका.