निळा दोर

माझं माहेर रेणापूरचं. तिकडं जिथवर नजर जाईल तिथवर सोयाबीन न् तूर, चढ म्हणाल तर घराचा उंबरा तेवढा. लग्न होऊन आले ती किनवटकडच्या डोंगरात, खेचरांच्या तळावर. दरीच्या तोंडाशी पत्र्याचं घर, पुढं नऊ खेचरं आणि एक म्हातारी घोडी बांधलेली. दरीपल्याडच्या वाडीला अजून गाडीवाट नाही. सिमेंट, रेशनचं धान्य, पाण्याचे पाइप, सगळं आमच्याच जनावरांच्या पाठीवरून जातं. गुत्तेदाराचा फोन आला की सासरे पहाटेच खेचरांना चंदी चारायला उठतात.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या हातून कधी एक जनावर दरीत गेलं नाही, असं त्यांचं डोंगरभर नाव. कुणाला खेचर घ्यायचं असलं की तो आधी ते मामांपुढं आणून उभं करायचा. मामा दात बघायचे, खूर उचलून बघायचे, आणि त्यांनी मान हलवली तरच सौदा व्हायचा. या नावापुढं मामांना बाकी कशाचीच पर्वा नव्हती.

खेचरं एकामागं एक बांधून न्यायची. मागच्याची दोरी पुढच्याच्या खोगिराला. पण थेट नाही! मधे सुतळीचा एक फेर, तीही जुन्या पोत्याची, कुजकी. रोज कुठंतरी ती तुटायची, रांग थांबायची आणि मी उन्हात घाम पुसत गाठ मारत बसायची. डोकं नुसतं भणभणायचं. ‘मामा, धड दोर आणा की एखादा,’ म्हटलं की उत्तर एकच, ‘सुतळीच बांध, पोरी.’ का, ते काही सांगायचे नाहीत. चार शब्द जास्त बोलले असते तर काय बिघडलं असतं? मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

एकदा नांदेडला गेले होते, तेव्हा बाजारातून निळा नायलॉनचा दोर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पुढं घोडीच्या पोटाखालचा तंग आवळत होते. मी मागं शेवटच्या तीन खेचरांमधल्या सुतळ्या काढल्या आणि तो दोर बांधला. दोन-दोन गाठी मारल्या. मनात म्हटलं, आता तूट बघू!

दरीत एका कपारीजवळ वाट जेमतेम जनावर जाईल एवढीच. तिथं शेवटच्या खेचराचा पाय निसटला. बाप रे! पाठीवर सिमेंट, एवढं थोराड जनावर, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वाटेवर नाहीच. मी त्याच्याच मागं होते. दोर ताणला, पण तुटला नाही. त्यानं पुढच्याला ओढलं, तेही गुडघ्यावर आलं आणि घसरत कडेला गेलं. तिसरं ओढलं जायला लागलं तेव्हा त्याच्या पुढची सुतळी तटकन तुटली आणि पुढची सहा तिथंच उभी राहिली. सुतळी कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. ती तुटण्यासाठीच होती. 

मामा कोयता घेऊन जनावरांच्या पोटाखालून घुसत मागं आले. तिसरं वाचवायला त्यांनी डाव्या हाताला दोराचा वेढा घेतला आणि उजव्यानं घाव घातला. दोर तुटला, पण तुटता तुटता त्यांची दोन बोटं घेऊन गेला. खाली दोन खेचरं आपटल्याचा आवाज आला. तो मला आजही भाकरी थापताना ऐकू येतो.

नांदेडच्या दवाखान्यात नवऱ्यानं रक्तानं माखलेला निळा तुकडा वर धरला. ‘हा कुणी बांधला?’ मी तोंड उघडलं. त्याआधीच खाटेवरून मामा म्हणाले, ‘म्या.’

मी थक्क झाले! नवरा बाहेर गेल्यावर मामा हळूच म्हणाले, ‘तुला हितं जलम काढायचाय, पोरी.’ आणि मी गप्प बसले. हो, बसले! मामांकडं जनावर दाखवायला येणारे एक-एक करून बंद झाले, तरी मी सुतळ्या बांधत गप्पच राहिले.

गेल्या आठवड्यात खालच्या गावचा एक माणूस नवं खेचर घेऊन चालला होता, पाणी प्यायला थांबला. नवरा त्याला हसत सांगायला लागला, ‘म्हातारपणी बाबाची बुद्धी फिरली बघा, नायलॉन बांधला!’ मामा तीन बोटांनी चहाचा कप धरून बसले होते. ‘व्हय,’ ते म्हणाले, ‘चुकलं माझं.’

माझ्यानं राहवलं नाही. तव्यावरची भाकर तशीच टाकून बाहेर आले. म्हटलं, ‘तो दोर मी बांधला होता. मामांना ठाऊकसुद्धा नव्हतं.’

 मामा उसळले. आजवर कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. ‘तुला कुणी इचारलं? आं? कुणी इचारलं तुला?’ आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. आत भाकर करपत होती.

मग तो पाहुणा उठला. त्यानं आपलं खेचर सोडलं, मामांपुढं आणून उभं केलं आणि म्हणाला, ‘जरा बघता का?’

मामांनी कप खाली ठेवला. डोळे पुसले नाहीत. वाकून डाव्या हातानं खूर उचलला आणि बराच वेळ बघत राहिले.