‘रद्द करा’चं बटण

त्या सोमवारी सकाळी राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सुरू केला, तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी रोज कोड लिहिते ते सुट्टीच्या दिवशी परस्पर अपडेट होऊन बसलेलं. मला कुणी विचारलं नव्हतं. डावीकडचा मेनू उजवीकडे गेलेला. बोटांना वर्षानुवर्षं सवयीचा असलेला शॉर्टकट भलतीच खिडकी उघडत होता. आणि शुक्रवारी बिनबोभाट चालणारा माझा प्रोग्रॅम चालवायला गेलं की लाल चौकटीत एवढंच: ‘काहीतरी चुकलं आहे. पुन्हा प्रयत्न करा.’

काय चुकलं? कुठं चुकलं? मदतीचं पान उघडलं. तिथं एक हसरं चित्र आलं आणि त्यानं मला मी आधीच वाचलेल्या तीन लेखांच्या लिंक दिल्या. खाली प्रश्न, ‘तुमची अडचण सुटली का?’ आणि दोन बटणं: ‘हो’ आणि ‘नंतर सांगते’. ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. मी मोठ्यानं शिवी घातली. कोल्हापुरात शिवीचं कुणाला काय, पण बाईमाणसानं घातली की ऑफिस गप्प होतं. झालं.

दुपारी तीनला उलगडा झाला. माझ्या फोल्डरच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होती आणि नव्या आवृत्तीला ती चालत नव्हती. एवढंच. लाल चौकटीत हे एक वाक्य लिहायला त्या लोकांचे हात मोडले होते का? माझा अख्खा दिवस खाल्ला आणि वर मलाच पुन्हा प्रयत्न करायला सांगतात!

त्याच तावात असताना आमच्या साहेबांनी हाक मारली. कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मी तपासणीच्या नोंदींचा प्रोग्रॅम केला होता. तिथं पंपांचे ओतीव भाग तयार होतात, एकेक भाग अठरा ठिकाणी मोजतात आणि ती मापं टॅबवर भरतात. भरलेल्या नोंदी गायब होतात, अशी तक्रार आली होती. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा.

“वापरणाऱ्याचीच चूक असणार,” साहेब म्हणाले. “उद्या जाऊन ट्रेनिंग देऊन ये.”

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून कागलला गेले. नोंदी भरणारे गृहस्थ पंचावन्नच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणत. हातात जाड रबरी मोजे, कारण ओतीव भागाच्या कडा धारदार असतात आणि वर तेलाचा थर. मी टॅब घेऊन समजावायला सुरुवात केली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्याडम, तुमीच भरा की एकदा. मोजं घालून.”

मी मोजे घातले. ते मापं सांगत गेले, मी भरत गेले. आकडा कधी उमटायचाच नाही, कधी दोनदा उमटायचा. अठरावं माप भरून मी ‘जतन करा’ दाबायला गेले आणि पडदा कोरा झाला. शेजारीच ‘रद्द करा’ होतं, मोज्यातलं जाड बोट त्यावर पडलं होतं. तोच निळा रंग, तोच आकार, मध्ये बोटभरही अंतर नाही. “खरंच रद्द करू का?” असं काही विचारणंही नाही. ऑफिसात मी माऊसनं तपासलं होतं, कोरड्या हातांनी, तीन मापं भरून.

“गेलं न्हवं?” मामांनी विचारलं.

“गेलं.”

“मला वाटलं, माझंच डोस्कं चालंना झालंय. सुपरवायझर समद्यांम्होरं म्हनला, मामा म्हातारं झालं, त्यास्नी प्याकिंगला टाका. घरी सुनंच्या मोबाईलवर सराव करतोय रोज. सोमवारपास्नं प्याकिंगला जायचं हाय.”

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. काल मला एका दिवसाचा त्रास झाला म्हणून मी ऑफिस डोक्यावर घेतलं होतं. हा माणूस तीन आठवडे माझ्या दोन बटणांपायी अपमान गिळत होता.

मी थेट सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले. “चूक मामांची नाही, माझ्या प्रोग्रॅमची आहे.”

“असू दे ओ मॅडम. थोडं ट्रेनिंग द्या, होईल.”

“ट्रेनिंगचा प्रश्नच नाही. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर बोललाय. आता हेही सगळ्यांसमोर सांगा.”

तो फाईल चाळत राहिला. चहाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या, तेव्हा मीच मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, की नोंदी मामांनी घालवलेल्या नाहीत, मी बटणं चुकीची केली म्हणून गेल्या. कुणीतरी हसलं. मामा कपात बघत होते. पण पलीकडच्या मशिनवरची एक बाई म्हणाली, “तरी मला वाटतच हुतं, माझंबी दोनदा गेलं.” मग आणखी दोघं बोलले. भीतीनं कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑफिसात साहेब वैतागले. “दोन बटणांसाठी आठवडा घालवणार?” वर मी वापरलेली तयार बटणांची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी आयता लिहून ठेवलेला कोड; तिच्यात बटणांची जागा हलवायचीच सोय नाही, आणि माहितीचं पान आधीच्या आवृत्तीचं. एक दिवस तिच्याशी भांडले, मग ती काढून फेकली आणि सगळा पडदा हातानं लिहिला. बटणं मोठी, लांब लांब. ‘रद्द’ दाबलं तर आधी विचारतं. प्रत्येक माप भरल्या भरल्या जतन होतं.

शुक्रवारी पुन्हा गेले. मामांनी मोजे घालून पाच भाग सलग भरले. एकही नोंद गेली नाही.

“बटन झ्याक झालंय,” ते म्हणाले. “आता ती तारीख बघा. आजची तारीख त्याला ठावं न्हाय व्हय? रोज म्या का सांगायची?” तारखेनंतर त्यांनी आणखी चार चुका दाखवल्या. चारही खऱ्या होत्या.

मामांचं पॅकिंगला जाणं टळलं. त्या सुपरवायझरनं मात्र त्यांना अजून एका शब्दानंही “माझं चुकलं” म्हटलेलं नाही. मी महिन्यातून एकदा कागलला जाते, मोजे घालून स्वतः नोंदी भरते, आणि त्याच्या केबिनवरून जाताना दर वेळी माझं डोकं तापतं.