पालक आणि प्रोथ्रोम्बिन

बाबा कामाला होते ती मिल बंद पडली त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली आणि मला बसवून समजावलं. रक्त गोठवणारं प्रोथ्रोम्बिन नावाचं प्रथिन यकृतात तयार होतं. त्याला व्हिटॅमिन के लागतं, ते पालेभाजीत असतं, आणि ही गोळी नेमकी त्याच्याच आड येते. तेव्हा भाजी बंद नाही करायची, पण रोज सारखीच खायची. जास्त झाली तर पुन्हा गाठ, कमी झाली तर रक्तस्राव.

मी इथे इंदुरात सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात माल तपासून पास करायच्या कामावर. असल्या माणसाला डॉक्टरांनी इतकं सांगायला नको होतं. मी फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला. रोज एक वाटी भाजी, पुढे बरोबरची खूण. बायको म्हणाली, "बाबांना जेवायला वाढू, की पास-फेल करू?"

सुरुवातीला दर गुरुवारी तपासणी असायची. तक्त्याला यश आलं. स्नेहलतागंजातल्या लॅबवाल्याने बाबांना सांगितलं, "बढ़िया है, अब महीने में एक बार आना." मी घरी येऊन दोनदा सांगितलं की हे तक्त्यामुळे.

मग रिपोर्ट बिघडायला लागले. एका आठवड्यात रक्त फार लवकर गोठायचं, डॉक्टर गोळी वाढवायचे. पुढच्या आठवड्यात दात घासताना बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायचं. पुन्हा दर गुरुवारी तपासणी सुरू झाली. मी गोळ्यांवर संशय घेतला, लॅबवर घेतला, शेवटी बायकोला विचारलं, "वाटी मोजून देतेस ना?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

एका दुपारी कारखान्यात लाइट गेली म्हणून लवकर सुटलो. बायको तिच्या शाळेत होती. स्वयंपाकघरात बाबा ओट्याशी उभे राहून पातेल्यातनंच पालक खात होते. अख्खी जुडी शिजवलेली, मीठसुद्धा नसावं.

"बाबा, हे काय?"

"पालक."

"तो दिसतोय. पण का?"

त्यांनी घास गिळला. "रिपोर्ट बरोबर आला की लॅबवाला महिनाभर बोलावत नाही."

"मग चांगलंच आहे ना."

"तिथं नंबर आला की पूर्ण नाव घेऊन बोलावतात. आडनावासकट. मिल सुटल्यापासून तसं कोणी बोलावतं का मला? घरात बाबा, गल्लीत अंकलजी."

बाबा मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे खात्यातल्या कामगारांचे मुकादम. खात्यातली तीसएक माणसं दिवसभर त्यांना नावाने हाका मारायची.

मी म्हटलं, "तपासणी नसली तरी जाऊन बसत जा की तिथं. कोण नाही म्हणतंय?"

"बिनाकामाचं? मिलच्या फाटकाबाहेर बसलो वर्षभर तसा. ते झालं करून."

मग मी समजावायला लागलो, की पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस उभ्याउभ्या जातो. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग पातेलं नळाखाली धरून म्हणाले, "माहीत आहे. डॉक्टर तुला सांगत होते, तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो."

त्यांनी पुन्हा असं न करण्याचा शब्द दिला आणि पाळला. रिपोर्ट सुधारले, महिन्यातून एकदाच जाणं उरलं. मधल्या गुरुवारीही ते सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसायचे. मी डबा घेऊन निघायचो तेव्हा त्यांची नजर रस्त्याकडे असायची.

एकदा मनात आलं, आपणच हाक मारावी, पूर्ण नावाने. चपला घालून दारात उभा राहिलो, नाव अगदी जिभेवर होतं. पण बापाला नावाने कसं हाक मारणार?

"बाबा, निघतो," म्हटलं.

"हं," ते म्हणाले, रस्त्याकडेच बघत.