वहिनीचे पाय

दादाचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला भाचीच्या, म्हणजे वहिनीच्याच लेकीच्या घरी तिच्या बाळाला अंघोळ घालत होते. "सुमन, वहिनी गेली," एवढंच तो म्हणाला. ती तापानं इस्पितळात आहे हे ठाऊक होतं, पण तिनंच मला हट्टानं इकडे धाडलं होतं. "तू जा गो. पोरीच्या बाळंतपणाला आई नाय, तर आत्या तरी पायजे." बाळाला पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं... आतल्या खोलीत झोपलेल्या भाचीला कसं उठवावं, सुचेना.

नवरा वारल्यावर मी किन्हवलीला माहेरी परतले, तेव्हा वहिनीनं एका शब्दानं काही विचारलं नाही. माझी ट्रंक उचलून स्वतःच्या खोलीत ठेवली. दादा भातसानगरला धरणावर नोकरीला, लेक सासरी, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच. एका दुपारी ती चिंचा झोडायला झाडावर चढली आणि फांदी मोडली. मी धावत गेले तर ती शुद्धीवर होती. "सुमे, माझे पाय कुठायत गो?" पाय तिच्या समोरच पसरलेले होते.

मज्जारज्जूला इजा झाली होती. छातीखाली काही जाणवणार नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. कित्येक आठवडे पाय ओल्या कापडासारखे पडून राहिले. मग घरी आल्यावर एका सकाळी चादर काढताना माझं बोट तिच्या तळव्याला लागलं आणि गुडघा ताडकन वर उडाला. मी आनंदानं ओरडलेच. दादानं देवीपुढे नारळ फोडला, शेजारणी बघायला जमल्या. वहिनी मात्र हसेना. "मला काय पण कळलं नाय गो. तो आपला आपणच उडाला."

व्यायाम शिकवायला शहापूरहून एक बाई येत. त्यांनी तिच्या खाटेवर बसून समजावलं. इजेच्या खालच्या नसा जिवंत आहेत, पण मेंदूचा त्यांच्यावरचा आवर सुटला आहे. त्यामुळे जरासा स्पर्शही त्यांना फार होतो आणि पाय उसळतात. त्याची खबर मात्र वर पोचत नाही. "म्हणजे मी चालनार नाय," वहिनी म्हणाली. बाईंनी तिचा हात धरला. त्या संध्याकाळी तिचं ताट तसंच राहिलं.

त्याहून अवघड वेगळंच होतं. ज्या पायांना चिमटा कळत नसे, त्यांची आग व्हायची. कधी म्हणायची, लावणीच्या चिखलात उभी आहे, घोट्यापर्यंत गार पाणी आहे. कधी लाल मुंग्या चावतायत. मी पाय चोळायला घेई. "तितं नाय गो... तू चोळतेस ते मला कळत नाय, आन दुखतं तितं तुजा हात पोचत नाय." शेजारणी म्हणत, संवेदनाच नाही तर दुखेल कसं? पुढे पुढे तिनं बोलणंच सोडलं. तोंड भिंतीकडे करून पडून राही. शेजारच्या खाटेवरून मी तिची पाठ बघत राही.

एका दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं, चेहरा घामानं थबथबला, पाय लाकडासारखे ताठ झाले. मी दादाला फोन लावत होते. ती म्हणाली, "आदी मला उठवून बसव. खाली काय तरी अडलंय, बघ." लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली, तशी तुंबलेली लघवी पिशवीत उतरली आणि हळूहळू घाम ओसरला. "बघ," ती दमून म्हणाली, "पाय मला सांगत नायत, पन गप पन बसत नायत." त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ती हसली. मग पाय ताठले की आम्ही दोघी मिळून कारण शोधायचो. कधी चादरीची घडी, कधी बोटात रुतलेलं नख.

पडून पडून तिच्या अंगाला जखमा होत. शेवटची माकडहाडापाशी झाली. आम्ही रोज तिची कूस बदलत होतो, मलम लावत होतो, तरी जखम आत आत गेली आणि ताप चढला. पाय रात्रंदिवस उसळत होते. या वेळी उसळण्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं, पण उपाय डॉक्टरांकडेही उरला नव्हता.

आता दादानं तिची चाकाची खुर्ची देऊन टाकली. खाट आहे. तिच्या पायांना अचानक हात लागला की ते दचकत, म्हणून आधी सांगायचं आणि मग हळूच तळहात टेकवायचा, अशी सवय तिनं मला लावली होती. काल खाटेवरची चादर बदलायला गेले. "हात लावते हं, वहिनी," तोंडातून निघून गेलं. आणि हात हवेतच धरून मी थोडा वेळ थांबले...